वळवटाचा साठा : एक

गटाच्या अध्यक्षा आणि आजच्या सभेच्याही अध्यक्षा आदरणीय राजलक्ष्मीताई, माळेगाव बुद्रुकहून एवढ्या उन्हाचे आलेले प्रमुख पाहुणे संभाजीतात्या, आपलं ऑनलाइन दुकान उभं करून देणाऱ्या बारामतीच्या सुप्रियाताई, आजच्या सत्कारमूर्ती आणि वरकुट्यातल्या समस्त सुनांच्या आत्या श्रीमती ठमाबाई, त्यांना न्यायला पळसदेवहून आलेली त्यांची लेक अनिता, धान्यलक्ष्मी महिला गृहोद्योग गटातल्या माझ्या सख्यांनो, आणि ज्यांच्या सभामंडपात आपण बसलो आहोत ते मारुतीराय, सर्वांना माझा नमस्कार. देवाचं नाव शेवटी घेतलं, पण तो घरचाच आहे, रागावायचा नाही.

मी संजीवनी दादासो चितळकर, गटाची सचिव. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. भाषणाची सवय नाही म्हणून लिहून आणलंय. कागद गेल्या सालच्या कॅलेंडरचे आहेत, मागून कोरे. समोर बसलेल्यांना माझ्या हातात एकादश्या आणि संकष्ट्या दिसत असतील, तर त्या वाचू नका. भाषण माझ्या बाजूला आहे.

राजलक्ष्मीताईंनी मला बजावलंय, "पाच मिनिटं बोल, ठमाबाईंचे गुण सांग आणि नारळ द्यायला मोकळं कर." ताई, मला आज जरा जास्त वेळ लागणार आहे, तेवढी परवानगी असावी. शाल, नारळ आणि भेटवस्तू हा भाग पत्रिकेत माझ्या भाषणाच्या खाली छापलाय. म्हणजे माझं संपल्याशिवाय तो सुरू होत नाही. छापलेलं मोडू नये.

तर गुण. वळवट म्हणजे काय हे इथल्या बायकांना सांगायला नको, पण तात्या पुरुषमाणूस आहेत म्हणून सांगते. गव्हाचा रवा भिजवायचा, तिंबायचा, आणि त्याची कणी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून वळायची. तांदळाच्या दाण्यासारखी झाली की तो गव्हला, नखाची खूण दिली की ती नखुली. रुखवतात मांडतात, सणाला खीर करतात. शेवयांना यंत्र आलं, पापडाला आलं, कुरडईला आलं. गव्हल्याला अजून नाही. आत्यांचा गव्हला दोन्ही टोकांना सारखा निमुळता. पाव किलो वळायला त्यांना अडीच दिवस लागतात. आमच्यातल्या सहा-सात जणींनी शिकून बघितलं. माझं ताट बघून आत्या म्हणाल्या, "संजीवने, ह्ये तुझं हाय का उंदराचं?" त्यानंतर मी हिशेबच बरा म्हटलं.

तीन वर्षांपूर्वी सुप्रियाताई संगणक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आपल्या जिनसा आता फोनवरून मुंबई-नागपूरची माणसं मागवतील. आम्हाला वाटलं, एखादी खोली घ्यावी लागेल, फळ्या माराव्या लागतील. तर दुकान म्हणजे निघाला एक तक्ता. आडव्या ओळीत एकेक जिन्नस आणि उभ्या रकान्यात तिची माहिती. तो तक्ता नीट भरून दर सोमवारी चढवला की दुकान आपलं आपण मांडलं जातं. चुकीचा भरला की चुकीचं मांडलं जातं. दुकानाला डोळे नसतात. आपण लिहू ते त्याला खरं.

आमच्या जिनसा सेहेचाळीस आणि रकाने चौदा. तुम्हाला आठवत असेल, काळ्या तिखटाला पाच जणींनी पाच नावं सांगितली. सुप्रियाताईंनी भोळेपणानं पाच ओळी केल्या, आणि एकच तिखट पाच ठिकाणी दिसायला लागलं. कुणाचं जास्त काळं यावरून गटात दोन आठवडे अबोला होता. सांडगे वाळवणात घालायचे की भाजीत, यावर रीतसर बैठक झाली, चहा दोनदा झाला आणि निर्णय झाला नाही. ते अजून दोन्हीकडं आहेत.

आणि आत्यांची माहिती. मी शेजारी बसून लिहीत होते. सुप्रियाताईंनी विचारलं, "आजी, आकार किती लिहू?"

"तांदळाएवढा."

"म्हणजे किती मिलिमीटर?"

"तुमच्याकडं तांदूळ न्हाय व्हय?"

"बरं. रंग?"

"गव्हाचा."

"आणि टिकायची मुदत?"

"कुणाची?" आत्या म्हणाल्या.

पहिल्यांदा तक्ता चढवला तेव्हा फोटोंचा रकाना एक ओळ खाली सरकला. लिंबाच्या लोणच्याच्या जागी आत्यांचा फोटो आला. किंमत एकशेऐंशी, साठा बारा. पिठाच्या गिरणीवाला नागेश भर रस्त्यात म्हणाला, "आत्या, एकशेऐंशीला हायसा म्हणं. बारा शिल्लक." आत्या म्हणाल्या, "एकीला पोसाय कुनी न्हाय, बारा कुठं ठिवतूस?" सगळे हसले. मीही हसले. रात्रीच्या आत सुप्रियाताईंनी तो फोटो जागेवर नेला.

आता मी ज्यासाठी एवढे कागद भरलेत, तिथं येते.

चौदा रकान्यांतला नववा रकाना साठ्याचा. कुठली जिन्नस आज किती तयार आहे, तो आकडा. बाकीचं सुप्रियाताईंनी बसवून दिलं, पण साठा दर सोमवारी बदलतो, म्हणून तो माझ्याकडं आला. मी घरोघर जाऊन विचारते, वहीत लिहिते, आणि वहीवरून तक्त्यात. पापड चाळीस. तिखट पंचवीस. सोपं काम आहे. पण एखादीकडं काहीच नसलं की काय लिहायचं?

शून्य. सुप्रियाताईंनी तसंच सांगितलं होतं.

मायबाप हो, माझा हात शून्य लिहीत नाही. पोथी वाचणारी बाई आहे मी. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं गेलं, की पिठाचा डबा खरवडून रिकामा करायचा नाही. तळाशी मूठभर ठेवायचं आणि वर नवं ओतायचं. तेलाची बुधली उपडी घालायची नाही. तुम्ही तरी आहेराच्या पाकिटात शंभर घालता का? एकशेएक घालता. शून्यावर काही सोडू नये ही आपली रीत आहे. मग घरातल्या डब्याला जी रीत, ती गटाच्या तक्त्याला नको? म्हणून जिथं काही नसायचं तिथं मी एक लिहायची. दोन नाही, तीन नाही. एक. मूठभर म्हणून.

बाकीच्या जिनसांना त्यानं काही बिघडलं नाही. पापडाची एक ऑर्डर आली, यंत्र फिरलं, झाली. पण आत्यांच्या ओळीत तो एक म्हणजे अडीच दिवस होते. आणि आपल्या गटाचा नियम काय? आलेली ऑर्डर परत लावायची नाही. परत लावली की दुकानाचे तारे कमी होतात. नियम चांगलाच आहे, मीच ठरावाला अनुमोदन दिलंय.

मग असं व्हायला लागलं. सोमवारी आत्यांकडं एक दाणा नसायचा. मी एक लिहायची. मंगळवारी तो एक कुणीतरी घ्यायचं. ऑर्डरची चिठ्ठी आत्यांकडं जायची. आत्या पाटाला बसायच्या. शनिवारी डबा यायचा, तो जायचा. सोमवारी परत मी एक लिहायची. राजलक्ष्मीताई मला कौतुकानं म्हणायच्या, "संजीवनी, तुझ्या हाताला गुण आहे. ती ओळ चढली की दुसऱ्या दिवशी जाते." मला बरं वाटायचं. का खोटं बोलू?

आत्यांना मात्र थांबायचं होतं. हे सगळ्या गावाला माहीत आहे. अंगठ्याचं कातडं काचेसारखं झालंय. चिमटीत मीठ धरलं तर किती धरलं ते कळत नाही, म्हणून स्वतःची आमटी कधी अळणी, कधी खारट. वय एकाहत्तर. त्यांचं एकच मागणं होतं. त्यांचं माहेर जुनं पळसदेव, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं देऊळ उघडं पडतं. त्याच्या पायरीवर आत्यांच्या जन्मानंतर त्यांच्या आईनं पाचवीचा दिवा लावला होता म्हणे. आत्यांना तिथं जायचं होतं, हात टेकायचा होता आणि मग लेकीकडंच राहायचं होतं. अनिताला त्यांनी सांगून ठेवलं, "देऊळ दिसाय लागलं की ये मला न्ह्यायला."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात अनिता गाडी घेऊन आली. आत्या म्हणाल्या, "एक चिठ्ठी आलीया. तेवढं वळते आन् निघते." तेवढं वळलं, तोवर दुसरी चिठ्ठी. पाणी चढलं. गेल्या उन्हाळ्यात अनिता परत आली. मी तिथं होते. अनिता म्हणाली, "आये, ठिव ते खाली. जग काय मरतंय व्हय गव्हल्यावाचून?"

आत्या म्हणाल्या, "कुणाच्या तरी पोरीचं लगीन आसंल. एकच हाय. लास्ट."

"गेल्या साली बी लास्टच हुतं."

"मग आवंदा खरंच लास्ट."

त्या वर्षीही पाणी चढलं.

माफ करा, एक मिनिट. आत्यांना घाम आलेला दिसतोय. अनिता, त्यांना जरा बाहेर वाऱ्याला ने. बायांनो, वाट द्या, पाय आवरून घ्या. आणि जाता-जाता त्यांना कुणी काही सांगू नका, पाया पडायला वाकू नका, त्यांना बरं वाटत नाहीये. नागेश, तू बस खाली. पाणी द्यायला अनिता आहे. खुर्ची तशीच राहू द्या. मी बोलते आहेच.

तर काय सांगत होते. यंदा महाशिवरात्रीनंतर सुप्रियाताई वर्षाचा आढावा काढायला आल्या. संगणकात बघता-बघता थांबल्या. म्हणाल्या, "काकू, वळवटाच्या ओळीत साठा कायम एक कसा? दोन वर्षांत चौऱ्याण्णव वेळा एक. कधी चार नाही, कधी शून्य नाही."

मी डब्याच्या तळाच्या मुठीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फोनवर दुकान उघडून मला गिऱ्हाइकाच्या बाजूनं दाखवलं. मी तीन वर्षं दुकान भरत होते, पण गिऱ्हाईक होऊन कधी बघितलं नव्हतं. आपण कशाला काही विकत घेतोय? तिथं आत्यांच्या वळवटाखाली तांबड्या अक्षरात होतं, "फक्त १ शिल्लक".

"काकू, एवढं दिसलं की माणूस घाई करतो," सुप्रियाताई म्हणाल्या. "उद्या मिळणार नाही असं वाटतं त्याला. तुम्ही शून्य घातलं असतं तर ओळ आपोआप झाकली गेली असती. आजींना विसावा मिळाला असता."

म्हणजे ज्याला सगळे माझ्या हाताचा गुण म्हणत होते, ते हे होतं. मी आत्यांना दर सोमवारी नव्यानं बांधत होते. गाठ मारणारा हात माझा होता, आणि मारताना मनात देवाचं नाव होतं.

तुम्ही म्हणाल, कळलं ना, मग थांबली असशील. नाही थांबले. हे मला आज सगळ्यांपुढं सांगायचंय. कळल्यानंतर चार सोमवार मी एकच लिहिलं. बोट शून्याच्या कळीवर जायचं आणि मागं यायचं. एकदा राजलक्ष्मीताईंना विचारलं, वळवट बंद करूया का? त्या म्हणाल्या, "वळवट बघायला गिऱ्हाईक येतं, आणि जाताना तिखट-पापड घेतं. ती ओळ झाकली तर बाकीच्यांनी काय करायचं?" ताईंचंही चूक नाही. इथं बसलेल्या किती जणींच्या पोरींच्या फिया त्या तिखट-पापडावर आहेत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

पाचव्या सोमवारी मी एक युक्ती काढली. काटकसरी माणसाला वाटतं, सगळ्या गोष्टींत मधला मार्ग निघतो. मी साठ्यात एक लिहिलं, आणि तो एक लगेच माझ्याच फोनवरून मीच घेऊन टाकला. म्हटलं, शून्यही लिहायला नको आणि बाहेरचं कुणी मागायलाही नको. मूठ तळाशी राहिली आणि आत्या मोकळ्या झाल्या. आणि खरं सांगायचं तर माझ्या धाकटीचं लग्न वैशाखात ठरलंय, रुखवतात आत्यांच्या हातचे गव्हले असावेत, त्यांनी सवडीनं वळावेत, असंही मनात होतंच. एका दगडात दोन पक्षी. फार हुशारी वाटली मला माझी.

पण दुकानाला डोळे नसतात. त्यानं ती ऑर्डर इतरांसारखीच धरली. मंगळवारी चिठ्ठ्या छापल्या गेल्या. चिठ्ठीवर नाव नसतं, वजन असतं. आमच्या घरी त्या दिवशी देवीचा नैवेद्य होता, मी माझी चिठ्ठी बाजूला काढायला गेले नाही. आणि त्याच मंगळवारी, म्हणजे या चैत्रात, अनिता तिसऱ्यांदा गाडी घेऊन दारात उभी होती. आत्यांचं बोचकं गाडीत ठेवून झालं होतं. चिठ्ठी आली. आत्या गाडीतनं उतरल्या.

अनिता तेव्हा गावातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "कोन हाय ती अवदसा, जिला माझ्या आईच्या बोटाचंच खायाचंय?" तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल.

ती मी.

शनिवारी आत्या डबा घेऊन आल्या. मी पाकिटं चिकटवत बसले होते. पत्त्याची चिठ्ठी लावायची म्हणून त्यांनी डबा पुढं केला. मला लावता येईना. शेवटी म्हटलं, "आत्या, हे माझंच आहे. लेकीच्या रुखवताला."

मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "आगं, मग आदी सांगायचं न्हाय? पोरीचं हाय म्हनल्यावर अजून बारीक वळलं असतं."

मग मात्र मी सगळं सांगितलं. नववा रकाना, चौऱ्याण्णव वेळा, तांबडी अक्षरं. आत्यांना तक्ता कळत नाही, पण डबा कळतो. त्या अंगठ्यानं बोट चोळायला लागल्या.

"तळाला मूठ ठिवावी ह्ये मीच सांगितलं गावातल्या समद्या सुनांना," त्या म्हणाल्या. "तुला बी मीच सांगितलं. पन ती मूठ असती म्हनून ठिवायची. तू नसलेली ठिवलीस."

मी म्हटलं, "तुम्ही तरी नाही म्हणायचं होतं, आत्या."

"न्हाय म्हनाया कुनी शिकवलं मला? तुला तरी येतंय का?"

मायबाप हो, आजही या सभेत किती जणींना ते येतं, मला शंका आहे. सासरी नाही म्हणायचं नाही, माहेरी म्हणायची वेळ येत नाही, आणि गटात ठराव झालेला असतो.

राजलक्ष्मीताई घड्याळ बघताहेत. आलेच मी.

आज सोमवार आहे. आज सकाळी आंघोळ करून, दिवा लावून मी तक्ता उघडला. सुप्रियाताई शेजारी होत्या. वळवटाच्या ओळीत नवव्या रकान्यात मी शून्य लिहिलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि खोडायच्या आत सुप्रियाताईंना म्हटलं, चढवा. त्यांनी चढवला. दुकानात दिसायला लागलं, "सध्या उपलब्ध नाही". मी देवापुढं साखर ठेवली. सुटले असं वाटलं.

पण त्या अक्षरांच्या खाली एक बटण असतं, "आल्यावर कळवा" म्हणून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी बारापर्यंत सतरा जणांनी ते दाबलं होतं. म्हणजे शून्य लिहिलं तरी माणसं दाराबाहेर ओळीनं उभी राहतात. राजलक्ष्मीताईंनी फोनवर बघितलं आणि त्यांना आनंद झाला. कुणालाही होईल. त्या मला म्हणाल्या, "सतरा जण थांबलेत, संजीवनी. ठमाबाई पळसदेवला गेल्या म्हणून काय झालं, तिथं बसून वळतील. रवा आपण देऊ, डबे अनिता पोचवील. तू तेवढा शून्याचा एक कर."

म्हणून आजच्या भेटवस्तूत एक नवा पाट आहे आणि पंधरा किलो रवा आहे. मारुतीरायाच्या मागं पोत्याखाली झाकून ठेवलाय. मघाशी ताईंनी आपल्या प्रास्ताविकात सांगितलंच, की आत्यांना गट निरोप देतोय तो फक्त गावापुरता, कामापुरता नाही. तेव्हा टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत आत्यांनी मान हलवली. तुम्हाला ती होकाराची वाटली असेल. मी शेजारी बसले होते. ती मान कशी हलली ते मला माहीत आहे.

आता आपली रीत काय आहे? देवाच्या सभामंडपात, पाच माणसांदेखत, ओंजळीत नारळ घेतला की शब्द दिला. सोयरीक त्यावर ठरते, जमिनीचे वाद त्यावर मिटतात. आत्यांनी आज तो नारळ, तो पाट आणि तो रवा घेतला असता, तर त्या मरेपर्यंत त्या शब्दातनं सुटल्या नसत्या. तुमचं-माझं यंत्र एक वेळ शून्य मानेल, आत्या मानल्या नसत्या. आणि आपण सगळ्यांनी ते प्रेमानंच केलं असतं. पायावर डोकं ठेवून कुणी म्हणालं असतं, "आत्या, माझ्या नातीच्या लग्नाचं तेवढं." दुसरी म्हणाली असती, "माझं पावशेरच." दर वेळी असंच होतं.

म्हणून मी देवाच्या दारात एक खोटं बोलले. आत्यांना घाम आला नव्हता. अनिताची गाडी शाळेच्या मागं, रस्त्याकडं तोंड करून उभी होती. बोचकं सकाळीच आत ठेवलेलं. आत्या उठल्या तेव्हा मी पाचव्या कागदावर होते, आता अकरावा आहे. तुम्ही सगळे माझ्याकडं बघत राहावं म्हणून मी सांडग्यांपासून सगळं सांगत बसले. एव्हाना गाडी सोलापूर रस्त्याला लागली असेल. देऊळ पंधरा दिवसांपासून उघडं पडलंय, पायऱ्या दिसताहेत, असं अनिताच म्हणाली.

बसून घ्या, मंडळी. नागेश, गाडी काढू नकोस. फोनही करू नका. आत्यांचा फोन माझ्या पिशवीत आहे. त्यांनी आपण होऊन दिला. मी मागितला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "वाजला तर उचलू नगंस. उचललास तर व्हय म्हनशील."

ताई, रागवायचं ते मला रागवा, अनिताला नको. रवा वाया जाणार नाही, पुढच्या आठवड्यात शेवयांना लागेल, मी वजन करून नावावर लावून देते. तक्त्यातली ती ओळ मी आज सुप्रियाताईंकडून काढून घेणार आहे. साठा शून्य नाही, ओळच नाही. सेहेचाळीसच्या पंचेचाळीस जिनसा होतील. थांबलेल्या त्या सतरा जणांना आज संध्याकाळी मीच लिहून कळवणार आहे की येणार नाही. सतरा वेळा लिहायचंय. मला वाटतं, पहिल्या तीन-चार वेळा हात अडेल.

तिखट-पापडाचं नुकसान होईल. होईल हे मला माहीत आहे, आणि ज्यांचं होईल त्या माझ्या समोर बसल्या आहेत. त्यांनी मला दारात बोलवून विचारावं. माझ्याऐवजी दुसरी कुणी सोमवारचा तक्ता भरणार असेल तर वही आणि पासवर्ड तयार आहे. कुणी तयार नसेल तर मी आहेच. मला कुठं जायचंय?

शेवटी आभार. संभाजीतात्या, आपण ज्यांच्या सत्कारासाठी एवढ्या लांबून आलात त्या सत्कारमूर्तीच मी पळवून लावल्या, तरी आपण खुर्ची सोडली नाहीत, हे उपकार आहेत. सुप्रियाताईंनी मला गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघायला शिकवलं. अध्यक्षबाईंनी पाच मिनिटं देऊन अर्धा तास सोसला. मंडप झाडणाऱ्या, चटया घालणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, खोटं तर बोललेच आहे. आपण वडीलधारे आहात, पोटात घाला.

शाल माझ्याकडं द्या, ती मी आत्यांना पोचवीन. नारळ मात्र कुणाच्या ओंजळीत देऊ नका. मारुतीरायापुढं इथंच फोडा, आणि खोबरं सगळ्यांना वाटा.

नमस्कार.